शेवटच्या पानावरची बारीक ओळ

आज सकाळचं वर्तमानपत्र जवळ असेल तर शेवटचं पान काढा आणि अगदी तळाशी पाहा. बातम्या, क्रिकेट, जाहिराती सगळं संपल्यावर तिथे बारीक अक्षरांत एक ओळ असते. हे पत्र मुद्रक-प्रकाशक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केलं, संपादक अमुक, बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी त्यांची. ही ओळ कुणी वाचत नाही. चुरमुऱ्याच्या पुडीवर ती आली तरी चुरमुरे संपल्यावर पुडी चुरगाळून टाकली जाते. मला मात्र अख्ख्या अंकातली ही सगळ्यांत मोलाची ओळ वाटते.

ती तिथे आली 1867 सालच्या कायद्यामुळे. छापलेल्या कागदावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव हवंच, असं इंग्रज सरकारनं ठरवलं. त्यात वाचकाचं भलं पाहिलेलं नव्हतं. उद्या विरोधात मजकूर आला तर पोलीस कुणाच्या दारात पाठवायचे, हे सरकारला कळायला हवं होतं. 2023 साली त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी ओळ अजून छापली जाते. सरकारनं स्वतःच्या सोयीसाठी घातलेली ही अट नकळत वाचकाच्याही कामाची ठरली, कारण तिनं मजकुराला मालक दिला.

मजकुराला मालक असणं म्हणजे काय, ते महाराष्ट्रानं फार लवकर पाहिलं. ‘केसरी’ 1881 च्या जानेवारीत सुरू झाला आणि वर्षभरातच कोल्हापूरच्या प्रकरणात सापडला. कोल्हापूरचे तरुण महाराज शिवाजीराव यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशी बोलवा होती. बर्व्यांच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या काही पत्रांवर विसंबून ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं त्यांच्यावर कोरडे ओढले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट ठरली. संपादक टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरीही 1882 साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं.

हा प्रसंग मला दोन कारणांसाठी पुन्हा पुन्हा आठवतो. एक म्हणजे टिळक-आगरकरांसारखी कुशाग्र माणसंही बनावट कागदाला फसली. महाराजांबद्दलचा त्यांचा कळवळा खरा होता, आणि बनावट कागद खऱ्या कळवळ्याच्या वाटेनंच आत शिरतो. दुसरं म्हणजे चूक झाल्यावर ती कुणाच्या पदरात घालायची हा प्रश्नच उरला नाही. संपादकांची नावं लोकांसमोर होती. बर्व्यांना दाद मागता आली, वाचकांना खरं कळलं, आणि लिहिणाऱ्यांनी तुरुंगात जाऊन किंमत मोजली.

प्रचार म्हणजे खोटं बोलणं, अशी आपली एक सोपी समजूत असते. खोटं हा त्यातला लहानसा भाग आहे. प्रचारात पुष्कळदा सगळे तपशील खरे असतात. दिसत नाही तो सांगणारा.

निवडणुकीच्या दिवसांत गल्लीतून रिक्षा फिरते, वर भोंगा, मागे उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह. तोही प्रचारच, पण कोण बोलतंय हे आठ वर्षांच्या पोरालाही कळतं. आपण तेवढं वजा करूनच ऐकतो. निवडणुकीच्या पत्रकावरसुद्धा मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, असं कायदा सांगतो. ‘प्रोपगंडा’ या शब्दाचा जन्मही असाच उघड्यावरचा आहे. 1622 साली पोप पंधराव्या ग्रेगरीनं धर्मप्रसारासाठी रोममध्ये एक खातं उघडलं, त्याच्या लॅटिन नावातला हा शब्द. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रु यांना या खात्यानं 1637 साली बिशप केलं. मुंबईतल्या चर्चवर पोर्तुगीजांच्या ‘पद्रोआदो’चा हक्क की रोमच्या ‘प्रोपगंडा’चा, हा वाद तर शतकाहून जास्त काळ चालला. तेव्हा प्रोपगंडा म्हणजे दारावर पाटी लावलेलं कार्यालय होतं. पाटी उतरवण्याची कला पुढच्या काळातली.

ती कला किती साधी असू शकते, ते 2018 साली दिसलं. कराचीतल्या एका सामाजिक संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी एक छोटी चित्रफीत केली होती. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि भरधाव निघून जातात. काही क्षणांनी तीच मोटरसायकल परत येते, मुलाला खाली उतरवते, आणि मागचा माणूस फलक उलगडून दाखवतो: मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. कुणीतरी शेवटचे हे काही सेकंद कापले. मूल परत आल्याचं गेलं, फलक गेला, संस्थेचं नाव गेलं. उरलेला तुकडा आपल्याकडे मोबाइलवरून फिरला तो ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ या ओळीसह. त्यात एकही चित्र खोटं नव्हतं. ‘ध’ चा ‘मा’ करायला निदान एक अक्षर बदलावं लागतं, इथे फक्त कात्री चालवली.

त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई राज्यामागून राज्यात उठत गेली. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. टोळीतली म्हणून त्यांना जमावानं पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच ठेचून मारलं. पिढ्यान् पिढ्या दारोदार फिरणारा हा समाज. अनोळखी माणूस दारात येणं ही ज्या मुलखात रोजची गोष्ट होती, तिथे काही आठवड्यांत अनोळखी असणं हाच गुन्हा ठरला. मारणाऱ्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. त्यांच्या खिशातल्या फोनवर निनावी मजकूर येत राहिला होता, आणि त्यातल्या एकाखालीही ती बारीक ओळ नव्हती.

ही तर खेड्यातली अफवा, शिकलेल्या समाजात असं होत नाही, असं कुणाला वाटत असेल तर वॉशिंग्टनला जाऊ.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकनं कुवेत गिळलं. तिथे अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कित्येक घरांत त्या काळाच्या आठवणी अजून निघतात. 10 ऑक्टोबरला अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्क गटासमोर पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी साक्षीला उभी राहिली. तिचं फक्त पहिलं नाव सांगितलं गेलं, नायिरा. घरचे कुवेतमध्ये आहेत, त्यांच्या जिवाला धोका नको, असं कारण दिलं होतं. अल-अदान रुग्णालयात आपण मदतीला होतो, इराकी सैनिकांनी काचपेट्यांतून बाळं काढून थंड फरशीवर मरायला टाकली आणि पेट्या उचलून नेल्या, हे तिनं रडत रडत सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्ष थोरले बुश यांनी ती गोष्ट आपल्या भाषणांतून वारंवार सांगितली. ॲम्नेस्टीसारख्या नावाजलेल्या संस्थेनं 312 बाळं दगावल्याचा आकडा दिला. जानेवारी 1991 मध्ये युद्धाचा ठराव सिनेटमध्ये आला तेव्हा काही सदस्यांनी भाषणात काचपेट्यांचा उल्लेख केला. ठराव 52 विरुद्ध 47 असा, पाच मतांनी मंजूर झाला.

कुवेत मोकळं झाल्यावर पत्रकार आणि मानवी हक्कांचे कार्यकर्ते त्या रुग्णालयांत गेले. तिथल्या डॉक्टरांनी असं काही घडल्याचं नाकारलं. ॲम्नेस्टीनं आपलं म्हणणं मागे घेतलं. 6 जानेवारी 1992 रोजी जॉन मॅकार्थर या पत्रकारानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्या मुलीचं पूर्ण नाव जगासमोर आणलं. नायिरा अल-सबाह, कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी. साक्षीच्या वेळी तिचे वडील त्याच दालनात बसलेले होते. तिची साक्ष घडवून आणण्यामागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती. एका ‘नागरिक’ संघटनेच्या नावानं या कंपनीला एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली, आणि त्यातली जवळजवळ सगळी कुवेत सरकारकडून आलेली होती. तो गट संसदेची अधिकृत समिती नसल्यामुळे साक्षीदाराला शपथही नव्हती.

इराकी फौजेनं कुवेतमध्ये अत्याचार केले, हे खरंच आहे. ते सांगायला खोट्याची गरज नव्हती. म्हणूनच हे प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. पहिल्या दिवशी तिच्या नावापुढे आडनाव लागलं असतं तर काय झालं असतं? लोकांनी ती गोष्ट ऐकली असतीच, पण राजदूताच्या मुलीची साक्ष म्हणून, तराजूत घालून. तिचं आडनाव म्हणजेच ती बारीक ओळ, आणि ती पुसून टाकण्यासाठी दिलेलं कारण असं की त्यावर शंका घेणाराच निर्दय वाटावा.

सांगणाऱ्याचं नाव गळालं की मनात नेमकं काय होतं, यावर एक जुना प्रयोग आहे. 1951 साली अमेरिकेत कार्ल हॉव्लंड आणि वॉल्टर वाइस यांनी विद्यार्थ्यांना काही लेख वाचायला दिले. लेख सगळ्यांना तेच, लेखाचं मूळ मात्र वेगवेगळं सांगितलं. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बनवता येईल का, या विषयावरचा मजकूर काहींना अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमर यांचा म्हणून मिळाला, काहींना रशियाच्या ‘प्रावदा’तला म्हणून. शीतयुद्धाचे दिवस. वाचल्या-वाचल्या अपेक्षेप्रमाणेच झालं, ओपेनहायमरचं पटलं आणि ‘प्रावदा’चं पटलं नाही. चार आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा हा फरक जवळपास नाहीसा झाला होता. ओपेनहायमरचा प्रभाव ओसरला होता आणि ‘प्रावदा’वाल्यांना तेच म्हणणं आधीपेक्षा जास्त पटू लागलं होतं. मजकूर डोक्यात राहिला होता, पण तो कुणी सांगितला याच्याशी असलेली गाठ सैल झाली होती. हा परिणाम नेहमीच होत नाही, त्याला अटी आहेत, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवलं. तरी ‘कुठेतरी वाचलं होतं’ असं म्हणून आपण दिवसभरात किती गोष्टी ठामपणे सांगतो, ते आठवून पाहा.

त्याहून मोलाचा प्रयोग दोन वर्षांनी झाला. हर्बर्ट केल्मन आणि हॉव्लंड यांनी तीन आठवड्यांनंतर अर्ध्या लोकांना भाषणाआधी करून दिलेली वक्त्याची ओळख पुन्हा ऐकवली. ज्यांना ती ऐकवली, त्यांच्यात पहिल्या दिवसाची सावधगिरी परत आली. माझ्या मते प्रचाराशी झुंजण्याची किल्ली इथे आहे. आपल्याकडे माहिती कमी आहे असं नाही, माहितीला बांधलेली नावाची चिठ्ठी गळून पडलेली असते. ती पुन्हा बांधली की शहाणपण आपोआप जागं होतं.

चिठ्ठी गळाल्यावर उरलेलं काम पुनरावृत्ती करते. एकच विधान दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा कानावर घातलं तर ते जास्त खरं वाटू लागतं, हे 1977 साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांनी मोजून दाखवलं. ज्याला खरं माहीत आहे तो तरी सुटतो का? लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांनी 2015 साली हेच तपासलं. स्कॉटिश पुरुष नेसतात त्या चुणीदार घागऱ्याला साडी म्हणतात, अशा तऱ्हेची विधानं त्यांनी वापरली. ज्यांना बरोबर उत्तर येत होतं, त्यांनाही दुसऱ्यांदा वाचल्यावर ते विधान थोडं जास्त खरं वाटलं. डोकं ओळखीच्या गोष्टीवर झरझर चालतं, आणि त्या झरझर चालण्यालाच आपण खरेपणा समजतो.

आपण याला ‘गोबेल्स नीती’ म्हणतो. खोटी गोष्ट शंभरदा सांगितली की खरी वाटते, असं हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स म्हणाला होता, हे मराठीत अग्रलेखापासून पारावरच्या गप्पांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. गोबेल्सनं असं म्हटल्याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. त्यानं लिहिलं ते ब्रिटिशांबद्दल, की ते धडधडीत खोटं बोलतात आणि त्याला चिकटून राहतात. त्याच्या खात्याचं खरं काम वाक्यांपेक्षा यंत्रावर चालत होतं. सामान्य कुटुंबाला परवडेल असा 76 मार्कांचा रेडिओ 1933 साली बाजारात आणून त्यानं सरकारचा आवाज घराघरांत पोचवला. ते वाक्य मात्र गोबेल्सच्या नावावर इतक्यांदा सांगितलं गेलं की आपण त्याचा दाखला विचारायचंच विसरलो.

यंत्रापेक्षाही आत शिरणारा आवाज ओळखीच्या माणसाचा. अमेरिका 1917 साली पहिल्या महायुद्धात उतरली, पण तिथल्या बऱ्याच लोकांना युद्ध नको होतं. सरकारनं जॉर्ज क्रील नावाच्या पत्रकाराच्या हाताखाली एक समिती नेमली. त्या काळी चित्रपटगृहात रीळ बदलायला चारेक मिनिटं लागत. तेवढ्या वेळात पडद्यासमोर उभं राहून बोलायला समितीनं देशभर 75 हजारांच्या आसपास माणसं तयार केली. ती पुढारी नव्हती. गावातला वकील, दुकानदार, दातांचा डॉक्टर अशी. मुद्दे वॉशिंग्टनहून छापून यायचे, तोंड मात्र शेजाऱ्याचं असायचं.

हे वाचताना मला माझी आत्या आठवते. गेल्या पावसाळ्यात तिनं मला फोनवर एक फोटो दाखवला. पूल मधोमध वाहून गेलेला, कडेला माणसं, खाली ‘आत्ताच, आपल्या तालुक्यात, सर्वांना कळवा’. मी फोटो मोठा केला. कोपऱ्यात एक रिक्षा उभी होती, आपल्याकडच्यासारखी काळी-पिवळी नाही, हिरवी-पिवळी. मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं गोल वळणाची, दक्षिणेतल्या कुठल्यातरी लिपीतली. फोटोवर बोट दाबून धरून गूगलवर शोधला तर तो चार वर्षांपूर्वीच्या एका बातमीत सापडला, दुसऱ्याच राज्यातला. आत्याला ते दिसलं, पटलंही. तरी ती म्हणाली, “अगं, पण हे सुमननं पाठवलंय. ती कशाला खोटं पाठवेल?”

सुमन खोटं पाठवत नव्हती. तिला काळजी होती म्हणून पाठवलं. पण आत्यानं विश्वास ठेवला तो सुमनवर, आणि सुमननं फोटो काढलेला नव्हता. पाठवणारा आणि सांगणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. फोनच्या पडद्यावर ती एक होऊन जातात, कारण वर फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. याचा उपयोग आहे. पण ही खूण मजकूर पुढे ढकललेला आहे एवढंच सांगते, तो मुळात कुणाचा हे तिलाही ठाऊक नसतं.

आणि नाव छापलेलं असून खोटं असेल तर? हा घाव आपल्याच घरातला आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या उमेदवारांना वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचे ‘पॅकेज’ विकले गेले, हे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून उघडकीला आणलं. त्यांनी दाखवलेला सगळ्यांत बोलका पुरावा असा: त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर, शब्दन् शब्द तोच, एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या तीन मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापला गेला होता. ते प्रकरण निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुख्यमंत्र्यांनी आरोप नाकारले आणि 2014 साली दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश रद्द केला. कायद्याच्या अंगानं ते तिथे संपलं. वाचक म्हणून मला ते संपल्यासारखं वाटत नाही. जाहिरात असती तर मी ती जाहिरात म्हणून वाचली असती. बातमीच्या कपड्यांत आली म्हणून मी तिला माझ्या दैनिकाचा विश्वास उधार दिला, आणि तो विश्वास माझ्या परवानगीशिवाय विकला गेला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी या धंद्यावर 71 पानांचा अहवाल तयार केला. कौन्सिलनं आधी त्याचा आखूड सारांशच प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती अधिकाराची लढाई आणि 2011 साल उजाडावं लागलं.

गप्प बसवणं हाही प्रचाराचाच प्रकार, आणि त्यालाही हात लपवावा लागतो. आणीबाणीच्या रात्री, 25 जून 1975 ला, दिल्लीतल्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. मग सेन्सॉर आला. काहींनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर तशी कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. कोरी जागा म्हणजे ‘इथे कुणाचा तरी हात पडला आहे’ अशी सहीच होती. आकाशवाणीचं मात्र उलटं झालं. ती सरकारचीच आहे हे सगळ्यांना माहीत होतं, लोक तिला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणत आणि रात्री बीबीसी लावत. रात्रंदिवस चाललेल्या त्या प्रचारानंतर 1977 च्या मार्चमध्ये सरकार पडलं. फक्त प्रचार ओळखू आला म्हणून पडलं असं मी म्हणणार नाही. पण बोलणारा ओळखू येत असला की त्याचा आवाज कितीही मोठा झाला तरी मतदार तो सोलून घेतो, एवढं त्यातून दिसलं.

मग आपण काय करायचं? लोकांना तर्कशास्त्र शिकवा, विज्ञान शिकवा असं म्हणतात, आणि ते शिकवावंच. पण स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि बातम्या पडताळणारे व्यावसायिक यांना इंटरनेटवरची माहिती तपासायला दिली तेव्हा वेगळंच दिसलं. विद्यार्थी आणि कित्येक प्राध्यापकही त्या पानावरच बसून राहिले. मांडणी किती नेटकी, भाषा किती अभ्यासू, संस्थेचं बोधचिन्ह कसं, हे पाहत राहिले आणि फसले. पडताळणारे काही सेकंदांत पान सोडून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहून आले. ते जास्त विद्वान नव्हते. त्यांनी फक्त आधी विचारलं, हे कोण?

ही रीत मराठी माणसाला शिकवावी लागू नये. मुलीसाठी स्थळ आलं की आपण काय करतो? मुलाचा बायोडाटा कितीही देखणा असो, त्यावर विसंबत नाही. त्याच्या गल्लीतल्या वाण्याला विचारतो, ऑफिसात कुणी ओळखीचं आहे का पाहतो, आजोळचं कोण भेटतंय ते शोधतो. मुलालाच ‘तू चांगला आहेस ना?’ असं विचारून कुणी लग्न ठरवत नाही. बातमीची चौकशीही अशीच, तिच्या घराबाहेर जाऊन करायची. दुसऱ्या, शक्यतो विरुद्ध कलाच्या दैनिकात ती आहे का? स्थानिक वार्ताहराच्या नावानं आली आहे, की ‘सूत्रांकडून’? सांगणाऱ्याला यातून काय मिळतं?

कधी थांबायचं, हे मन आतून सांगतं. वाचल्याबरोबर पोटात गोळा आला, मुठी वळल्या किंवा ‘मी म्हणतच होते’ असं वाटलं, तर ती वेळ थांबण्याची. भीती आणि संतापाबद्दल आपण थोडेफार सावध असतो, पण आनंदही तेच करतो. 2016 च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसेल, ही बातमी काही वाहिन्यांनीही रंगवून दाखवली. असं काही नाही हे रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, तरी ती फिरत राहिली, कारण काळा पैसा असा सापडावा असं आपल्याला मनापासून वाटत होतं.

एका टोकाची मात्र मला भीती वाटते. सगळेच विकले गेलेत, कुणावरच विश्वास नको, असं म्हणणारी माणसं वाढताहेत. त्यांना आपण जागे झालो असं वाटतं. पण कुणावरच विश्वास नसलेला माणूस शेवटी सगळ्यांत जवळच्या आवाजावर विसंबतो, आणि तो आवाज फोनवरच्या निनावी मजकुराचा असतो. विश्वास ठेवायला हवाच, तो नाव सांगणाऱ्यावर. जे दैनिक पहिल्या पानावर केलेल्या चुकीचा खुलासा छापतं, जो वार्ताहर आपण कुणाशी बोललो ते लिहितो, त्याच्या अंकासाठी महिन्याला पैसे मोजावेत. खुलासा आतल्या पानावर, कोपऱ्यात येतो हे खरं. तरी तो शोधून वाचावा.

आत्यानं हल्ली एक सवय लावून घेतली आहे. तालुक्यात बिबट्या शिरल्याची चित्रफीत आली तेव्हा तिनं ती पुढे पाठवली नाही. सुमनला लिहिलं, ‘तुला कुणी पाठवलं?’ सुमननं सांगितलं, वहिनीनं. आत्यानं वहिनीला विचारलं. वहिनीला त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आलं होतं. भिशीवाल्या बाईंना जावयानं पाठवलं होतं, आणि जावयाला कंपनीतल्या कुणीतरी. त्या कुणीतरीला आत्यानं जावयामार्फत विचारणा केली. दोन दिवस झाले, अजून उत्तर नाही. ती रोज संध्याकाळी चहा घेताना एकदा पाहते.